मातेच्या अंगावरचं सोनं

चर्चच्या दाराशी आता संगमरवराची पाटी बसवलीय. जीर्णोद्धाराला ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्यांची नावं, सोनेरी अक्षरांत. सगळ्यात वर फुल्हेन्सिओ मास्तर, अर्थातच. त्यांच्या खाली त्यांची बायको, जिनं घरातून एक वाळकं संत्रंसुद्धा दिलं नव्हतं. माझ्या सासूबाईंचं नाव कुठेच नाही. आणि या ग्वाविराती गावात दारोदार हिंडून, कुत्री अंगावर घेऊन, जीर्णोद्धारासाठी झोळी फिरवली कुणी? त्यांनीच.

मी मास्तरांना तोंडावर विचारलं. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "एमेरेन्सिया, झालं गेलं. कशाला उकरून काढतेस? तिचं नाव देवाच्या दारात कसं लावायचं, तूच सांग."

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं! पण मी गिळलं. इतकी वर्षं गिळतच आले, शपथच तशी होती. आता दामासियामावशींना मागच्या महिन्यात पुरलं. आता दुखावायला कुणी उरलं नाही, म्हणून बोलते. ज्याला पटेल त्याला पटेल, नाहीतर गेला उडत.

माझ्या सासूबाई, बासिलिसा, चिरूट वळायच्या. अंगणात पाट मांडून, मांडीवर तंबाखूचं पान पसरून, दिवसभर. त्यांच्या स्वतःच्या तोंडात एक जाडजूड चिरूट कायम असायचा, विझलेला असला तरी. बोलणं तुटक. लग्न होऊन आले त्या दिवशी मला म्हणाल्या, "रडायचं असलं तर विहिरीवर जाऊन रड, इथं पानं ओली होतात." मला वाटलं, कुठल्या राक्षसिणीच्या घरात पडले बाई! नंतर कळलं, त्या विहिरीवर त्यांनी माझ्यासाठी आधीच एक दगड मांडून ठेवला होता, बसायला.

पण वर्षातून मोजक्या वेळा त्या चिरूट विझवून बाजूला ठेवायच्या, संत्र्याच्या पानांच्या पाण्यानं हात धुवायच्या आणि चर्चमध्ये जायच्या. आमच्या रोसारिओच्या मातेच्या मूर्तीला कपडे चढवायचा मान त्यांच्या घराचा. आजीकडून आईकडे, आईकडून त्यांच्याकडे. मातेचा चेहरा आणि हात तेवढे कोरलेले आहेत, आणि काय सुंदर कोरलेत! त्याखाली नुसत्या काठ्यांचा सांगाडा. त्यावर आतला पांढरा झगा, त्यावर दुसरा, मग निळा अंगरखा, मग शाल. मातेला उघडी बघायची नाही, हा आमचा नियम. पाद्रीसुद्धा बघत नाही. दार लावून, पडदा ओढून, ज्या घराचा मान त्या घरची बाई एकटी आत जाते. सासूबाईंना गावात या कामानं ओळखायचे, चिरुटानं नाही.

मग बोलिव्हियाशी लढाई जुंपली, चाकोच्या रानात.

तेव्हा मी लहान होते, दुसऱ्या गावात होते. पण आमच्या पाराग्वेत ते दिवस सगळीकडे सारखेच. जो तो काहीतरी देत होता. बायका टोळ्या करून चिरूट वळत, रणात तंबाखूनं भूक मरते म्हणून. चिपाच्या, म्हणजे आमच्या कडक भाजलेल्या पावाच्या, गोण्याच्या गोण्या नदीवर जात. जुन्या चादरी फाडून पट्ट्या करायच्या, पखाली शिवायच्या. नाचाच्या पार्ट्या करून वर्गणी काढायची, आणि नाचायला पुरुष नाहीत म्हणून बायकाच बायकांशी नाचायच्या. मग लढाईच्या वर्गणीसाठी गावात केलेली समिती सोनं मागायला लागली. लग्नाची अंगठी, डोक्यातली सोन्याची फणी, कानातलं. आमच्या बायकांच्या अंगावर सोनं म्हणजे तीच काय ती पुंजी. तीही काढून दिली. लोक रडले नाहीत, वाजतगाजत दिलं.

एकच सोनं राहिलं. मातेचं.

ते वेगळं होतं. रणावर गेलेल्या पोरासाठी आई नवस करायची आणि सोन्याचा एक तुकडा मातेला वाहायची. अंगठी असेल, साखळीचा तुकडा असेल, एकुलता एक डूल असेल. फडक्यात बांधून गुपचूप सासूबाईंच्या हातात द्यायची. सासूबाई तो मातेच्या आतल्या झग्याला, छातीशी टाचायच्या. कुणी काय वाहिलं हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नसायचं, आणि त्या कुणाला सांगायच्या नाहीत. सोनं मातेच्या छातीशी आहे तोवर पोराला गोळी लागत नाही. असं आमच्या गावात सगळे मानायचे. मीही मानलं असतं.

समितीनं तेही मागितलं. पाद्रीनं मान डोलावली. म्हणाला, माता आपल्या लेकरांसाठी उघड्या गळ्यानं राहील. छान बोलला, त्याचं काय जात होतं!

त्या दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना दामासियामावशी सासूबाईंकडे आल्या. दोघी शेजारणी, आणि त्याहून जास्त. दामासियानं माझ्या नवऱ्याला, लिबोरिओला, बाप्तिस्म्याच्या वेळी मांडीवर घेतलं होतं, त्याची धर्माची आई होती ती. तिचा तासिओ आणि आमचा लिबोरिओ एकाच अंगणात वाढले, एकाच होडीनं रणावर गेले. हे सगळं मला सासूबाईंनीच एकदा सांगितलं, पानं वळता वळता, माझ्याकडे न बघता.

"बासिलिसा, माझं तेवढं राहू दे," दामासिया म्हणाली. "साखळीचा तुकडाच तो. कुणाला कळणारे?"

"मला कळेल."

"तुझं काय जातं ग? समितीच्या पोत्यात एवढंसं कमी पडलं म्हणून लढाई हरणार आहोत का?"

"एकीचं ठेवलं तर सगळ्यांचं ठेवावं लागेल. माझ्या लिबोरिओचंही काढतेय. पहिलं तेच काढणार आहे."

"शपथ घे."

"मातेची शपथ."

दामासिया उठून गेली. जाताना दारात थांबून म्हणाली, "तुझं काळीज दगडाचं आहे, म्हणून जमतं तुला."

सासूबाई आत गेल्या, पडदा ओढला, एकेक टाचणी काढली. रुमालात सगळं एकत्र आणून समितीच्या पोत्यात रिकामं केलं. कुणाचं कुठलं, ते वेगळं सांगायची सोय राहिली नाही. त्यांनी तसं मुद्दामच केलं होतं, म्हणजे कुणाला आपलं सोनं जाताना बघावं लागणार नाही. हाच शहाणपणा त्यांच्या अंगाशी आला.

तासिओ त्या हिवाळ्यात गेला. गोळीनं नाही, तहानेनं. त्याच्या तुकडीचं पाणी संपलं होतं. बरोबरची पोरं म्हणाली की शेवटी तो ओली माती चोखत होता. मढंही आलं नाही.

आणि लिबोरिओ परत आला.

एक पाय काठीसारखा ताठ झालेला, पण जिवंत. बंदरावरून तो घरी न येता आधी दामासियाकडे गेला. आमच्यात धर्माच्या आईसमोर पोरानं दोन्ही हात जोडून उभं राहायचं आणि तिनं त्या हातांवर क्रूस काढून आशीर्वाद द्यायचा, कितीही मोठा झाला तरी. तो लंगडत तिच्या अंगणात गेला, हात जोडले आणि उभा राहिला. दामासियानं त्याच्या हातांकडे बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. तो बराच वेळ तसाच उभा होता. पुढं कितीतरी वर्षं माझा नवरा झोपेत हात जोडायचा. मी बघितलंय.

दामासियानं आरडाओरडा केला नाही. पाण्याला आलेल्या बायकांत एकच वाक्य बोलली, "तिच्या पोराचं सोनं अजून मातेच्या छातीशी आहे." बस्स. बाकीचं काम गावानं केलं. बाकीचं काम करायला गाव टपलेलंच असतं.

आणि या लोकांचं डोकं कसं चालतं बघा! सासूबाईंनी समितीला फसवलं, हे त्यांना चटकन पटलं. पण मातेला एकदा वाहिलेलं सोनं ती बाई घरी नेईल, हे कुणाला पटेना, इतकी ती भाविक. म्हणजे सोनं अजून तिथेच असणार, झग्याच्या आत. आणि तिथं बघायला तर कुणी जाऊ शकत नाही! झालं, आता बसा जन्मभर.

सासूबाईंनी एकदा दामासियाला गाठून म्हटलं होतं, "चल, तुला दाखवते. मी पाप घेते माझ्यावर."

दामासिया म्हणाली, "मातेला उघडी बघायचं तुला चालतं, मला नाही. तुझ्यासारखी मी अजून झाले नाही."

त्यानंतर सासूबाईंनी तो विषय काढला नाही. मान त्यांचाच राहिला, कारण काढून घ्यायला पुरावा नव्हता. पण त्या चर्चमध्ये शिरल्या की बायका बोलायच्या थांबायच्या. त्यांच्या चिरुटांना गिऱ्हाईक कमी झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या आईलाही कुणीतरी सांगितलं होतं, त्या घरात देऊ नका, त्या घरातलं अन्न खोट्या शपथेचं आहे. माझी आई म्हणाली, पोरगा लंगडा आहे, आपली पोरगी काळी आहे, जमतंय ते बघा. अशी माझी पाठवणी.

आमची पहिली मुलगी हुआनिता तीन वर्षांची असताना तापानं आजारी पडली. शेजारच्या मोठ्या गावात औषध होतं, पण उधार नाही. सासूबाई तिथं पायी गेल्या. औषधवाल्याच्या दारात गुडघ्यावर बसल्या. म्हणाल्या, वर्षभर तुझ्या घरी धुणीभांडी करते. त्यानं दार लावलं. परत आल्या तेव्हा पाय रक्तानं माखले होते. हुआनिता दुसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेली. मी ओरडून ओरडून विचारत होते, विकायला घरात काहीच कसं नाही, काहीच कसं नाही. सासूबाईंनी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतलं. मी त्यांना रडताना तेव्हाच काय ते बघितलं.

हे लक्षात ठेवा. मला जे ठाऊक आहे ते इथूनच ठाऊक आहे.

दिवस गेले. आम्हाला आणखी मुलं झाली, मोठी झाली, पोटासाठी अर्जेंटिनात गेली. मग राजधानीतून काही शिकलेली माणसं आली, चर्चचा कोरीव लाकडी मंडप बघून तोंडात बोटं घातली. म्हणाली, हा ठेवा आहे. आम्ही म्हटलं, बरं. म्हणाली, तुमची मातेची मूर्ती दोनशे वर्षांची आहे आणि तिला वाळवी लागलीय, वेळेवर उपाय केला नाही तर चेहरासुद्धा जाईल. आता मात्र गाव घाबरलं. फुल्हेन्सिओ मास्तरांनी समिती केली. गावाला समिती करायची जुनीच सवय.

सगळ्यांना वाटलं, मातेला परक्यांसमोर उघडी करायला बासिलिसाबाई आडव्या येणार. मलाही वाटलं. उलट त्या स्वतःहून मास्तरांकडे गेल्या.

"दुरुस्त करणारी बाई आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाईच आहे. राजधानीची."

"मग चालेल. सांगाड्यापर्यंत सगळं काढावं लागेल?"

"लागेल, असं म्हणते ती."

"गावातल्या म्हाताऱ्या बायका हजर राहतील. माझी तेवढी अट आहे. झोळी मी फिरवते."

घरी आल्यावर मी भडकलेच. "त्या लोकांच्या दारात जाणार? ज्यांनी तीस वर्षं तुमच्यावर थुंकायचं तेवढं बाकी ठेवलं?"

त्या म्हणाल्या, "एमे, मला एकदा दामासियासमोर तो झगा काढायचाय. मग मरेन सुखानं." माझ्या लक्षात आलं. इतक्या वर्षांनी एक रस्ता सापडला होता, पापाशिवाय बघता येईल असा. म्हातारीला दुसरं काही नको होतं. आपलं नाव परत हवं होतं, बस्स.

मी बरोबर गेले. काय सांगू! कुणी म्हणे, "तुमच्या हातात कशाला, आम्ही मास्तरांकडे देऊ." कुणी म्हणे, "मातेकडे आहे की सोनं, तेच विका." असं बोलून वर दात काढायचे. सासूबाई म्हणायच्या, "तेच बघायचंय ना? मग टाका." आणि लोक टाकायचे! चहाडखोर मेले, बघायला मिळणार म्हणून टाकायचे. कोंबड्या, अंडी, मक्याचं पोतं, एकानं डुकराचं पिल्लू. आम्ही दोघींनी जत्रेत चिपा विकला, चिरूट विकले. लिबोरिओ ताठ पाय ओढत बैलगाडी हाकायचा. त्या दिवसांत सासूबाई गुणगुणायच्या. मी त्यांना तोवर गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

शेवटी दामासियाचं दार. मी म्हटलं, "हे सोडा." त्यांनी ऐकलं नाही.

दामासियामावशी ओसरीत बसल्या होत्या. डोळ्यांत पडदा आला होता, माणसं सावलीसारखी दिसायची. आवाज ओळखून म्हणाल्या, "आलीस?"

"आले. मातेसाठी मागायला."

"देते." त्यांनी कोंबड्यांची जोडी बांधून आणायला सांगितली. "पण मी तिथं असणार. आणि मला दिसत नाही, म्हणून मी हातानं चाचपणार."

"त्यासाठीच आले," सासूबाई म्हणाल्या.

दोघी जणू एकाच लग्नाला निघाल्या होत्या.

तो दिवस उजाडला. वेदीमागच्या खोलीत मूर्ती आणली होती. राजधानीची बाई हातमोजे घालून उभी, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून. मास्तरांना बाहेर जाववत नव्हतं आणि थांबायचं तर पाप, म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे. सासूबाईंनी हात धुतले. शाल काढली, अंगरखा काढला, दुसरा झगा काढला. प्रत्येक कपडा सर्वांसमोर झटकायच्या, उलटा करायच्या, मग माझ्या हातात द्यायच्या. शेवटी आतला पांढरा झगा. त्याच्या छातीशी टाचण्यांच्या बारीक भोकांची गर्दी होती, गंजाचे डाग होते. सोनं नव्हतं. झग्याखाली काठ्या होत्या, आणि काठ्यांतून वाळवीचं पीठ गळत होतं.

माझ्या मनात ढोल वाजत होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बघा, डोळे फाडून बघा, मेल्यांनो!

"मला जाऊ द्या," दामासिया म्हणाली.

तिला हाताला धरून नेलं. तिनं आधी झगा चाचपला, शिवण न् शिवण. मग काठ्या. खालून वर, वरून खाली. वाळवीच्या भोकांत बोटं घातली. राजधानीची बाई काही बोलायला गेली, मी तिला डोळ्यांनी गप्प केलं.

"कुठाय?" दामासिया म्हणाली.

"नाही ग," सासूबाई म्हणाल्या.

"नीट बघू दे." तिनं पुन्हा सगळं चाचपलं. "दोघांचंही काढलं होतंस?"

"दोघांचंही. त्याचं आधी."

"म्हणजे दोघांकडेही काही नव्हतं?"

"नव्हतं."

दामासियाचे हात खाली आले. "मग त्याला का ठेवलं? माझ्याला का नेलं?" हे तिनं सासूबाईंना विचारलं नाही. मातेच्या तोंडाकडे बघत विचारलं, म्हणजे ते जिथं असेल असं तिला वाटत होतं तिकडे. "मी तर म्हणत होते, तुझ्याकडे सोनं होतं त्याला तू राखलंस. माझं नव्हतं म्हणून नाही राखलंस. आणि दोघांचंही नव्हतं? मग माझं पोरगं उगाचच गेलं? माती चोखत, उगाचच?" ती खाली बसली. रडली नाही. तोंड उघडं होतं आणि त्यातून श्वासाचा एक चमत्कारिक आवाज येत होता. तिचा चेहरा मी बघितलाय. देव करो आणि तसा चेहरा पुन्हा कुणाचा बघायला न मिळो.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. तीस वर्षं ज्या घटकेची वाट बघितली ती आली होती, आणि सगळ्या गावासमोर आली होती. नुसतं गप्प राहायचं होतं त्यांनी.

त्या गुडघे धरत दामासियाशेजारी जमिनीवर बसल्या.

"होतं ग, दामासिया," त्या म्हणाल्या.

"काय होतं?"

"लिबोरिओचं सोनं. मी समितीला दिलंच नव्हतं. सगळ्यांचं काढलं, त्याचं झग्याच्या घडीत ठेवलं. तो घरी आला तेव्हा काढून नेलं आणि विकलं."

माझ्या हातातले मातेचे कपडे गळाले. मी "आई!" म्हणून ओरडले. सासूबाई म्हणून हाक मारायची सवय, पण तोंडातून आई आलं. त्यांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नाही.

दामासियाचा श्वास हळूहळू जाग्यावर आला. "मला ठाऊकच होतं," ती म्हणाली.

"हो."

"मातेची खोटी शपथ घेतलीस."

"घेतली."

"नरकात जाशील, बासिलिसा."

"जाईन."

दामासियानं काठी मागितली आणि उठली. ताठ उठली. बायकांमधून चालत गेली तेव्हा तिचा चेहरा पूर्वीसारखा झाला होता, कडवट, पण माणसाचा. मास्तर आता भिंतीकडून वळले होते, पाप विसरून. कुणीतरी खाली पडलेले कपडे उचलून छातीशी धरले आणि सासूबाईंना म्हणालं, "तुम्ही आता हात लावू नका."

बातमी आमच्या आधी घरी पोचली होती. लिबोरिओ अंगणात उभा होता.

"आई, सोनं विकलंस? मग हुआनिता तापानं फणफणत होती तेव्हा?"

"तोवर संपलं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"कशात संपलं?"

"खाल्लं."

संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीसारखा माते केला, म्हणजे घरातले सगळे एकाच पेल्यातून पितात तो आमचा पाल्याचा कडू काढा; आपण एक घोट घेतला, भरून पुढे केला. लिबोरिओनं हात पुढे केला नाही. पेला त्यांच्या हातात तसाच राहिला, मग त्यांनी तो खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यानं आईच्या हातचा माते कधी घेतला नाही.

मी त्यांना तंबाखूच्या खोपीत गाठलं, वाळत घातलेल्या पानांखाली. "खोटं का बोललात? तुमच्याकडे गुंजभर सोनं असतं तर माझी पोरगी मेली असती? मला शेंड्या लावू नका!"

"हळू बोल."

"का बोललात?"

"तुला तिचा चेहरा दिसला ना?" त्या म्हणाल्या. "मला शिव्या देत ती इतकी वर्षं जगली. आता कुणाला देणार? देवाला? घरात एकटी बसून देवाला शिव्या देऊन माणूस जगतं का, एमे?"

"आणि लिबोरिओ? त्याला तरी सांगा."

"तो प्यायला की बोलतो. गुत्त्यातून तिच्या ओसरीत जायला कितीसा वेळ? त्याच्याजवळ तू आहेस. तिच्याजवळ कोण आहे?" मग त्यांनी माझा हात धरला, त्यांचा हात तंबाखूनं चिकट होता. "शपथ घे. ती जिवंत असेपर्यंत."

मी घेतली. रागानं घेतली, पण घेतली.

मान गेला. मातेला वाळवी न लागणारी नवी चौकट मिळाली आणि कपडे चढवायला मास्तरांची बायको. सासूबाई त्यानंतर चर्चच्या दारातून आत गेल्या नाहीत. सणाच्या दिवशी मिरवणूक घरावरून जायची तेव्हा पान वळता वळता एकदा वर बघायच्या आणि म्हणायच्या, "खांद्यावर शाल वाकडी बसवलीय." दोन वर्षांत गेल्या. दामासिया चांगली खणखणीत होती, दर रविवारी ओसरीतून त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

मग लिबोरिओ आजारी पडला, छातीनं. आता उठत नाही, हे त्यालाही कळलं होतं. एका दुपारी तो म्हणाला, "एमे, आईनं खरंच ठेवलं होतं का ग?"

पलीकडच्या घरात दामासिया जिवंत होती. पण हा कुठल्या गुत्त्यात जाणार होता आता? मला वाटलं, आईबद्दल मनात विष घेऊन कशाला जाऊ द्यायचा याला. सांगावं, शांत जाईल बिचारा. मी सगळं सांगितलं. खोपीत काय बोलल्या तेही.

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तिनं रोज माते पुढे केला ग. मरेपर्यंत रोज." थोड्या वेळानं म्हणाला, "पायाचं निमित्त काढून मी तिच्या पेटीला खांदासुद्धा दिला नाही."

मी म्हटलं, "तुला कुठं ठाऊक होतं?"

"आता झालं ना ठाऊक," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. पाणी द्यायला गेले तर ओठ मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी गेला तो तसाच, माझ्याकडे न वळता. चर्चमध्ये दामासियाला बघून सासूबाईंना क्षणात जे कळलं होतं, ते मला तेव्हा कळलं. पण माझं सांगून झालं होतं.